भट्टीतलं लोखंड, नदीतला प्राणवायू



दिवसपाळी सुटल्यावर हातपाय धुऊन थेट इथं आलेली मंडळी मला समोर दिसताहेत. मागच्या रांगांत कॉलेजची मुलं आहेत. नागाव, हालोंडीकडून आलेले शेतकरीही आहेत.  थेट विषयाकडे वळतो.

विषय आहे परिसंस्थेतल्या सजीव आणि निर्जीव घटकांचा व्यवहार. विषय ऐकून काही जणांना शाळेचा फळा आठवला असेल. वहीच्या पानावर मधोमध एक रेघ मारायची. डावीकडे सजीव : झाडं, प्राणी, जिवाणू. उजवीकडे निर्जीव : दगड, माती, पाणी, हवा, ऊन. पाच मार्क मिळाले, पेपर संपला. पण ती रेघ मात्र आपल्या डोक्यात कायमची राहिली. नदी म्हणजे पाणी, रान म्हणजे माती, कारखाना म्हणजे लोखंड. आणि जीव? तो कुठंतरी राधानगरीच्या जंगलात, गव्यांच्या कळपात.

आज मला ती रेघ पुसायची आहे. आणि पुसता पुसता एकच गोष्ट सांगायची आहे. कुठलाही पदार्थ मुळात चांगला नसतो, वाईटही नसतो. तो कुठल्या ठिकाणी आहे आणि किती वेगानं तिथं येतोय, यावर जगणं-मरणं ठरतं. ठिकाण आणि वेग. हे दोन शब्द तेवढे लक्षात ठेवा. भट्टी, माती आणि नदी अशा तीन जागी आपण ते तपासून पाहू.

सुरुवात भट्टीपासून करू, कारण आपण फाउंड्रींच्या शिरोलीत बसलो आहोत. आता बहुतेक ठिकाणी इंडक्शन फर्नेस आल्या. पण इथल्या जुन्या मंडळींनी कुपोला चालवलेला आहे. कुपोल्यात काय भरायचात? लोखंड, कोक आणि चुनखडी. तिन्ही वस्तू आपण बिनदिक्कत 'निर्जीव'च्या रकान्यात टाकू. टाकायच्या का?

लोखंड घ्या. बेल्लारी-होस्पेटच्या पट्ट्यात जे लोहखनिज निघतं, तशा जगभरच्या बहुतेक मोठ्या साठ्यांचा जन्म दोन ते तीन अब्ज वर्षांपूर्वीच्या समुद्रांत झाला. त्या काळच्या समुद्राच्या पाण्यात लोह विरघळलेलं होतं, आणि हवेत प्राणवायू जवळपास नव्हता. मग उन्हावर जगणारे सूक्ष्मजीव आले. त्यांनी प्राणवायू सोडायला सुरुवात केली. पाण्यातलं लोह गंजलं, तळाशी बसलं, थरावर थर चढले. म्हणजे तुम्ही आज जे ओतता, ते गोळा करण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचा फार मोठा हात आहे.

कोक घ्या. कोक दगडी कोळशापासून होतो. झरियाचा कोळसा म्हणजे पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतली जंगलं. ती झाडं कुजण्याआधीच गाडली गेली, म्हणून त्यांनी साठवलेलं ऊन आपल्या भट्टीत पेटतं. आणि चुनखडी? जगातली बरीचशी चुनखडी समुद्री जिवांच्या शिंपल्यांतून, सांगाड्यांतून किंवा सूक्ष्मजीवांच्या कामातून साचलेली आहे.

मग आता त्या रेघेचं काय करायचं? कुपोल्याच्या तोंडातून आत जाणारी प्रत्येक वस्तू कधी ना कधी जिवाच्या हातून गेलेली निघाली!

एक वस्तू राहिली. मोल्डिंगची वाळू. कणकवली तालुक्यातल्या कासार्डे, फोंडा भागातून घाट चढून आलेली सिलिका वाळू. ती बनवण्यात जिवाचा हात नाही, हे मान्य. पण तिचा जिवावर काय परिणाम होतो? हीच वाळू कासार्ड्याच्या जमिनीत पडून होती तेव्हा तिनं कुणाचं काही बिघडवलं नाही. इथं साचा फोडताना (शेकआऊट) आणि कास्टिंग साफ करताना (फेटलिंग) तिचा कण फुटतो. पाच मायक्रॉनच्या आतला तो कण श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळापर्यंत जातो. तिथं पहारा देणारी पेशी त्याला जंतू समजून गिळते. पण क्वार्ट्‌झ पचत नाही. पेशी मरते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते, तीही मरते. त्या जागी व्रण धरतो आणि फुप्फुस हळूहळू कडक होत जातं. याला सिलिकोसिस म्हणतात. रसायन तेच, वाळू तीच. बदलला तो कणाचा आकार आणि त्याचं ठिकाण. म्हणून ओलं काम, धूळ खेचणारी यंत्रणा आणि चांगला मास्क यांचा खर्च हा दिखाऊ खर्च नव्हे. तो पदार्थाला त्याच्या ठिकाणी ठेवण्याचा खर्च आहे. मालक मंडळींनी आणि कामगार मंडळींनीही हे मनावर घ्यावं.

सजीव-निर्जीवातली रेघ शास्त्रानं तर कधीच पुसली आहे. १९३५ साली आर्थर टॅन्स्ली या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानं परिसंस्थेची कल्पना मांडली. त्याचं म्हणणं सरळ होतं. झाडं आणि प्राणी यांचा अभ्यास माती-हवामान बाजूला ठेवून करताच येत नाही, दोन्ही मिळून एकच व्यवस्था. आज हे कुणालाही पटतं. पण वागताना आपण ते पाळतो का? माणसासाठी आरोग्य खातं, पाण्यासाठी पाटबंधारे खातं, मातीसाठी कृषी खातं. रेघा मारण्यात आपला हात कोण धरणार!

आता दुसरी जागा, माती.

घरी कांदा-लसूण मसाला करताना दगडफूल घालतात. काळपट करडं, कागदासारखं चुरगळणारं. उद्या घरी गेल्यावर डब्यातून एक तुकडा काढा आणि नीट बघा. ती एक वनस्पती नव्हेच. बुरशी आणि शेवाळ यांचा तो भागीदारीतला संसार आहे. शेवाळ उन्हावर अन्न तयार करतं, बुरशी आसरा देते आणि ओलावा धरून ठेवते. ही मंडळी झाडाच्या सालीवर वाढतात, तशी उघड्या कातळावरही वाढतात. कातळावर त्यांच्याकडून आम्लं झिरपतात आणि दगड कणाकणानं सुटतो. त्या भेगेत धूळ बसते, शेवाळ येतं, गवत येतं, मुळं आत शिरतात. आपला काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, स्फुरद हे सगळं अशाच हातांनी मोकळं होतं. सेंटिमीटरभर माती व्हायला शेकडो वर्षं जातात. हा निसर्गाचा वेग.

आणि नत्र? नत्र या दगडात नाहीच म्हटलं तरी चालेल. ते हवेत आहे, ७८ टक्के. पण ऊस काही हवेतून नत्र ओढू शकत नाही. उसात भुईमूग किंवा हरभरा घेतला की त्यांच्या मुळांवरच्या गाठीतले जिवाणू ते काम करतात. आपल्या आज्या-पणज्यांनी आंतरपीक घेतलं, तेव्हा त्यांना जिवाणू ठाऊक नव्हते. पण व्यवहार ठाऊक होता.

आता इथून पन्हाळ्याच्या पुढं मसाई पठारावर चला. तिथं पाषाणाच्या डोक्यावर जांभ्याचा थर आहे. लाखो वर्षांच्या पावसानं दगडातले बहुतेक क्षार धुऊन नेले आणि मागं लोह-ॲल्युमिनियम उरलं. म्हणून तर राधानगरी, शाहूवाडीच्या सड्यांवर बॉक्साइट निघतं. सड्यावर माती बोटभर आणि नत्र नावापुरतं. तिथं झाडानं जगायचं कसं? पावसाळ्यात जाऊन पाहा. दवबिंदू नावाचं इवलंसं झाड पानावरच्या चिकट थेंबांनी किडे धरतं आणि पचवतं. सीतेची आसवं ही निळी-जांभळी फुलं दिसायला किती साधी! पण या झाडाच्या ओल्या मातीतल्या अंगाला सूक्ष्म पिशव्या असतात, आणि त्यांत बारीक जीव ओढले जातात. दगडानं नत्र दिलं नाही, म्हणून झाड शिकारी झालं. निर्जीवाचा सजीवावर याहून मोठा शिक्का कुठला दाखवू?

सड्यावर कमतरता आहे. उलट टोक बघायचं तर पूर्वेला शिरोळ तालुक्यात जायला हवं. तिथं अति झालं. काळी, खोल, कसदार जमीन. उसाला पाणी कमी पडू नये म्हणून मोटर सुरू करून आपण घरी. निचऱ्याचा विचार नाही. भूजल वर वर आलं. उन्हाळ्यात ते मातीच्या बारीक नळ्यांतून पृष्ठभागाकडे चढतं, पाण्याची वाफ होते आणि क्षार तिथंच राहतात. पांढरी पूड धरते. क्षार वाढले की मातीत ओल असूनही मुळाला पाणी ओढता येत नाही. त्यात सोडियम जास्त असेल तर मातीचे कण सुटे होऊन भोकं बुजतात, जमीन चोपण होते. पाण्यात उभं राहून तहानलेलं पीक! हे क्षार आले कुठून? त्याच पाषाणातून, ज्यानं आपल्याला सुपीक माती दिली. पदार्थ तोच. वेग वाढला, ठिकाण चुकलं.

यावर उपाय आहे आणि तो आपल्या जिल्ह्यातच झाला आहे. शिरोळच्या दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानं शेतकरी एकत्र आले. त्यांनी जमिनीखाली सच्छिद्र पाईप घातले, खारं पाणी वाट काढून बाहेर सोडलं आणि पडीक पडलेल्या रानात पुन्हा पिकं उभी केली. एकट्यादुकट्याच्या बांधावर हे होत नाही, कारण भूजलाला बांध कळत नाही. कोल्हापुरात राहून 'प्रयोग परिवार' उभा करणारे श्री. अ. दाभोळकर हेच सांगत आले. शेतकऱ्यानं ऊन, पान, मुळी आणि माती यांचा हिशोब स्वतः मांडावा आणि एकमेकांना शिकवावा.

तिसरी जागा नदी. इथं मी जरा जास्त थांबणार आहे.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती. प्रयाग चिखलीला पंचगंगा होते आणि सुमारे ८० किलोमीटर वाहून नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, कोल्हापुरात हजाराच्या आसपास, शिरोळकडे त्याच्याही निम्मा. एवढा फरक असलेला मुलूख ही एक नदी एका धाग्यात बांधते. म्हणून सह्याद्रीतली माती, शहरातलं सांडपाणी, उसातली खतं, कारखान्यांचं पाणी हे सगळं तिच्या पदरात पडतं.

नदी हे पचवते का? पचवते. पचवणारे असतात जिवाणू. आणि पचवायला त्यांना लागतो प्राणवायू. एक लिटर हवेत प्राणवायू असतो अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास. एक लिटर नदीच्या पाण्यात, ३० अंश तापमानाला, जास्तीत जास्त साडेसात. साडेसात! मासा, खेकडा, शिंपला, जिवाणू, सगळ्यांनी मिळून एवढ्यावर भागवायचं.

आता एक गणित करू. गुळाचा, साखरेचा आपला जिल्हा, म्हणून साखरेचंच. एक किलो साखर नदीत पडली आणि जिवाणूंनी ती पूर्ण पचवली, तर त्यांना सुमारे ११०० ग्रॅम प्राणवायू लागतो. रसायनशास्त्राचा साधा हिशोब आहे, मुलांनी घरी करून पाहावा. हा प्राणवायू किती पाण्यात असतो? दीड लाख लिटर पाण्यात. एक किलो साखर, दीड लाख लिटर पाणी. साखर विष आहे का? आपण रोज चहात घालतो! पण मळीचं पाणी असो, सांडपाणी असो की कुजलेलं केंदाळ असो, नदीच्या दृष्टीनं तो सगळा साखरेसारखाच घास आहे. एकदम मोठा घास आला की नदीचा श्वास कोंडतो.

हवेतून नवा प्राणवायू पाण्यात मिसळत नाही का? मिसळतो, पाणी खळाळत असेल तर. आपण पाणी अडवलं आहे. कोल्हापुरी बंधारा ही आपली कमाई आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. पावसाळा सरला की बर्गे (आडव्या फळ्या) घालायचे, पाणी तुंबवायचं, उपसा सुरू. पण पाणी तुंबलं की वाहत्या नदीचे संथ डोह होतात. वरून ऊन तापतं, आणि गरम पाण्यात प्राणवायू आणखी कमी मावतो. खतांतून आलेलं नत्र-स्फुरद केंदाळाला मिळतं. ही जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. तिला सोय झाली की पंधरवड्यात दुप्पट होते. पात्र झाकून टाकते. खाली ऊन नाही, वाऱ्याची लाट नाही. ती मेली की तळाशी जाते आणि कुजताना पुन्हा प्राणवायूच खाते.

मग जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस येतो. नाले-ओढ्यांत महिनोन्‌महिने साचलेली घाण एका रात्रीत नदीत उतरते, बर्ग्यांमागचा काळा गाळ ढवळतो. सकाळी तेरवाड बंधाऱ्याला मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात आणि दुपारपर्यंत खच पडतो. दर वर्षी फोटो येतात. दर वर्षी विचारलं जातं, कुणी विष टाकलं? कधी खरोखरच कुणी काही सोडलेलंही असतं, त्याला कायद्यानं धरावं. पण बऱ्याचदा मासा विषानं मरत नाही, गुदमरून मरतो. पहाटे प्राणवायू सगळ्यात कमी असतो, कारण रात्रभर झाडपाला, शेवाळ, जिवाणू सगळेच श्वास घेतात आणि नवा प्राणवायू करायला ऊन नसतं. मासा हा आपला निरोप्या आहे. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. अशी साथीची कावीळ दूषित पाण्यातून पसरते, हे वेगळं सांगायला नको. माशाचा निरोप वाचला नाही की पुढचा निरोप माणसाच्या घरी येतो.

इथं कुणी म्हणेल, साहेब, पुराचं काय? २००५, २०१९, २०२१. शिरोलीकरांना पूर सांगायची गरज नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुलाच्या शिरोलीजवळ महामार्गावर पाणी होतं, कित्येक दिवस वाहतूक बंद होती, आणि शहरात दूध-पेट्रोलची टंचाई झाली. पण पूर मुळात नदीचा हक्काचा पसारा आहे. काठावरचा पोयटा पुरानंच आणून टाकलेला. त्या पोयट्यावर मळे उभे राहिले, वीटभट्ट्या चालल्या. पूर पसरायच्या जागेत आपण घरं बांधली, रस्त्याचा भराव टाकला, तर पाणी उंच चढणारच. भरावाऐवजी खांबांवरचा रस्ता हवा, ही मागणी इथूनच उठली. तिच्यामागचं शास्त्र हेच : पाण्याला त्याचं ठिकाण द्या.

थोडक्यात काय झालं? भट्टीनं सांगितलं की सजीव-निर्जीव ही रेघ खोटी आहे, एकाचा दुसरा होत राहतो. मातीनं सांगितलं की कमी झालं तरी जीव मार्ग काढतो, पण अति झालं की जमीनच हातची जाते. नदीनं सांगितलं की पचवण्याची ताकद आहे, पण तिला मोजमाप आहे.

मग करायचं काय? पहिलं, जे आपल्या आवारात आहे ते. जळकी वाळू ओढ्याकाठी, रस्त्याकडेला टाकायची सवय सोडा. वाळू पुन्हा वापरात आणणाऱ्या सामायिक प्रकल्पाची वाट कोल्हापूरच्या फाउंड्री क्लस्टरनं धरलेली आहे. त्या वाटेनं लहान युनिटांनीही चालावं. नवी वाळू कमी लागली तर कासार्ड्याच्या डोंगरालाही उसंत मिळेल. दुसरं, सांडपाणी. कसबा बावड्यात रोज ७६ दशलक्ष लिटर क्षमतेचं प्रक्रिया केंद्र आहे. तिथं काम करतात ते जिवाणूच. नदीला जे काम झेपत नाही, ते आपण टाकीत हवा फुंकून त्यांच्याकडून करून घेतो. हे केंद्र पूर्ण क्षमतेनं चालतंय का, प्रत्येक नाला तिथं पोचतोय का, हे विचारत राहणं आपलं काम.

आणि तिसरं. पावसाळ्यात कोल्हापुरातलं लहान पोरही सांगतं, राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फूट. ३९ ला इशारा, ४३ ला धोका. फोनवर, टपरीवर, एसटीत तीच चर्चा. पण एप्रिलमध्ये त्याच बंधाऱ्याच्या पाण्यात प्राणवायू किती, हे या सभागृहात कुणाला ठाऊक आहे? हात वर करा. (सभागृहात हशा.) बघा!

हा आकडा अवघड नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषात आंघोळीच्या पाण्यासाठी लिटरला किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू धरला आहे, माशांसाठी किमान ४. म्हणजे इशारा पातळी ५, धोका पातळी ४. फूट वाढले की धोका, इथं आकडा उतरला की धोका, एवढाच फरक. मोजणारं यंत्र हातात मावतं. तुम्ही प्रत्येक हीटचा नमुना स्पेक्ट्रोवर लावता. कार्बन किती, सिलिकॉन किती, आकडा आल्याशिवाय मेटल ओतत नाही. ज्या वसाहतीला कास्टिंगच्या बाबतीत एवढी शिस्त आहे, तिनं नदीचा नमुना घ्यायला काय हरकत आहे? शिरोलीच्या उद्योजकांनी, कामगार संघटनांनी आणि या मागच्या रांगेतल्या मुलांनी मिळून रोज पहाटे राजाराम बंधाऱ्यावर प्राणवायू मोजावा आणि तो आकडा चौकात फळ्यावर लिहावा. कुणावर आरोप नको, घोषणा नकोत. फक्त आकडा, रोजचा रोज.

बारा महिने तो आकडा डोळ्यांसमोर राहिला, तर कुठल्या दिवशी, कुठल्या नाल्यानंतर, कुठल्या आवर्तनात तो खाली येतो हे आपोआप दिसेल. मग अधिकाऱ्याला प्रश्न विचारायलाही आपल्या हातात कागद असेल, आणि स्वतःच्या कारखान्याला, स्वतःच्या रानाला प्रश्न विचारायलाही. पाणी किती चढलं हे विचारणारं कोल्हापूर आपण घडवलं. पाण्यात जीव किती उरला हे विचारणारं कोल्हापूर घडवायचं आहे, आणि त्याची सुरुवात शिरोलीतून व्हावी, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.